बालशिक्षण, पुणे

तीन ते सहा वर्षांच्या मुलांचे शालापूर्व शिक्षण. पुणे जिल्ह्यातील मोरगावच्या अनुताई वाघ पुण्यात हुजूरपागा शाळेत शिकवत. १९४५ मध्ये त्या बोर्डी गावी ताराबाई मोडकांच्या बालशिक्षणाच्या कामात सामील झाल्या. शिक्षणतज्ज्ञ माँटेसरींची महागडी साधने तिथे परवडणारी नव्हती, म्हणून त्यांच्या जागी शिंपले, बिया, माती आली. चिंचोके लहान-मोठे निवडताना मुलाच्या बोटांना वळण लागते, नजर बारकावे टिपते, ‘कमी-जास्त’ तोंडी येते; संख्या नंतर सहज बसते. लेखनाची घाई मात्र हाताला व उत्साहाला जाचते. पुण्यात सारसबागेजवळच्या गरवारे बालभवनाने शोभा भागवतांच्या मार्गदर्शनाखाली स्पर्धेविना खेळाला मान दिला. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला.