थांबली ती करिअरपायी नव्हे

नोव्हेंबर २०२५ मध्ये हैदराबादच्या आयआयटीत उद्योजिका उपासना कोनिडेला यांनी मुलींना सांगितलं, की आपली स्त्रीबीजं गोठवून ठेवणं हा बाईचा सगळ्यात मोठा विमा आहे. मग लग्न कधी, मूल कधी, हे तिचं तिला ठरवता येतं. त्यावरून मोठा वाद पेटला. झोहो या सॉफ्टवेअर कंपनीचे श्रीधर वेंबू यांनी उलट सल्ला दिला: विशीतच लग्न करा, मुलं होऊ द्या, पुढे ढकलत बसू नका. दोन्हीकडचे लोक तावातावाने भांडले, पण गृहीतक दोघांचं एकच होतं. बाई मूल लांबवते ती करिअरसाठी. एका पक्षाला ते शहाणपण वाटतं, दुसऱ्याला चूक. आमच्या यवतमाळात लग्नाच्या पंगतीत हेच मत पाच शब्दांत निघतं: ‘पोरगी शिकली अन् हातची गेली.’

हे मत मला चुकीचं वाटतं. शिवाय ते अन्यायाचं आहे, कारण या सगळ्या प्रश्नातून ते पुरुषाला अलगद बाहेर काढतं.

आधी पुरावा पाहू. येल विद्यापीठातल्या मानववंशशास्त्रज्ञ मार्सिया इनहॉर्न यांच्या अभ्यासात अमेरिका आणि इस्रायलमधल्या १५० स्त्रियांच्या सविस्तर मुलाखती आहेत. कुठलाही आजार नसताना या स्त्रियांनी बीजं गोठवली होती. त्यांतल्या ८५ टक्के जणींना त्या वेळी जोडीदारच नव्हता. कोणी अविवाहित, कोणी घटस्फोटित, कोणाचं लग्नापर्यंत आलेलं नातं नुकतंच मोडलेलं. करिअरचा आराखडा डोळ्यांपुढे ठेवून हा निर्णय घेणाऱ्या सगळ्यात कमी निघाल्या. इनहॉर्न यांचं ‘मदरहूड ऑन आइस’ हे पुस्तक २०२३ साली आलं. त्याचंही म्हणणं हेच, की शिकलेल्या बायकांना बरोबरीने संसार करायला तयार असलेले पुरुष पुरेसे मिळत नाहीत. या बायकांच्या हाती नोकरी होतीच. वेळ हवा होता तो माणूस भेटण्यासाठी.

आपल्याकडचं गाजलेलं उदाहरणही पुन्हा वाचण्यासारखं आहे. १९९७ च्या मिस वर्ल्ड डायना हेडन यांनी २००७-०८ च्या सुमाराला मुंबईत बीजं गोठवली आणि जानेवारी २०१६ मध्ये त्यांतूनच त्यांना मुलगी झाली. वर्तमानपत्रांनी ती करिअरची कहाणी म्हणून रंगवली. त्यांनी स्वतः कारणं दोन सांगितली होती. काम होतंच, पण त्याहून महत्त्वाचं म्हणजे प्रेम जुळल्याशिवाय लग्न करायचं नाही हे त्यांचं ठरलेलं होतं. लग्न झालं २०१३ साली. हे दुसरं कारण लोकांच्या लक्षात राहिलं नाही.

हैदराबादच्या त्या कार्यक्रमातच आणखी एक गोष्ट घडली. लग्न कोणाकोणाला करायचंय, असं विचारल्यावर मुलींपेक्षा जास्त मुलांनी हात वर केले. मुली करिअरकडे अधिक लक्ष देतात, असा त्याचा अर्थ लावला गेला. मला तो वेगळा दिसतो. ज्या व्यवहारात एकाला आयतं घर मिळतं आणि दुसरीला घर सोडावं लागतं, त्यासाठी दोघांचे हात सारख्याच उत्साहाने कसे वर होतील?

यावरचा आक्षेप ठरलेला आहे. ही अमेरिकेची, मुंबईची गोष्ट. यवतमाळचा तिच्याशी काय संबंध? इथे तर शेतकऱ्याच्या पोराला पोरगी मिळेना. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात लग्नाळू तरुण नवरदेवाच्या वेशात घोड्यावर बसून जिल्हाधिकारी कचेरीवर गेले, आम्हाला बायको मिळवून द्या म्हणून. विदर्भातही गावोगाव पस्तिशी ओलांडलेले अविवाहित तरुण आहेत. मुलगे इतके शिल्लक असताना मुलीला जोडीदार मिळत नाही हे पटायचं कसं?

आक्षेप वजनदार आहे, म्हणून त्याचं उत्तर तपशिलानेच द्यायला हवं. कुठल्याही समाजाच्या वधू-वर मेळाव्याची परिचय पुस्तिका उघडा. मुलीचं पान: बी.ई., पुण्यात नोकरी, वय एकतीस, अपेक्षा ‘निर्व्यसनी, नोकरीवाला, समजूतदार’. मुलाचं पान: वय पस्तीस, अपेक्षा ‘उच्चशिक्षित, सुंदर, गृहकृत्यदक्ष, वय २८ पर्यंत’. शेजारी पोटजात, मामेकुळ, नाडी, मंगळ. हुंडा छापलेला नसतो, तो बैठकीत निघतो. एकेका रकान्यासरशी यादी निम्मी होत जाते, आणि एकतिशीची मुलगी पस्तिशीच्या मुलाच्या यादीतून वयामुळेच गळते. आता तिला स्थळं येतात ती बिजवराची, किंवा ‘नोकरी सोडशील ना?’ असं पहिल्याच भेटीत विचारणाऱ्याची. तिने लग्न पुढे ढकललेलं नाही. तिला जे पुढ्यात आलं ते तिने नाकारलं. नाकारणं आणि लांबवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि नोकरीने तिला दिलं ते एवढंच: नाकारण्याचं बळ.

मुलांना मुली मिळत नाहीत हेही खरंच आहे, पण ते याच घरांतल्या हिशेबातून आलं आहे. २०११ च्या जनगणनेत यवतमाळ जिल्ह्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलग्यांमागे ९२२ मुली होत्या. आधी मुलगी नको होती. आता सून हवी आहे.

‘पण मुलींच्या अपेक्षा फार वाढल्यात,’ असं यावर म्हणतात. वाढलेली पहिली अपेक्षा कोणती? नवरा दारू पिणारा नसावा. याच जिल्ह्यातल्या बायका दारूबंदीसाठी वर्षानुवर्षं रस्त्यावर उतरल्या. शेजारच्या वर्ध्यात बंदी आहे, इथे नाही. संध्याकाळी जे घरी येतं ते ज्या घरात आईला सोसावं लागलं, त्या घरातली लेक ‘निर्व्यसनी’ हा शब्द पुस्तिकेत लिहिते तेव्हा तो चोचला नसतो. कोरडवाहू शेतीवर ती जायला तयार नाही, याचाही राग धरला जातो. पण ती स्वतः कापूस पिकवणाऱ्याचीच पोर आहे. नवरा गेल्यावर कर्ज आणि सातबारा घेऊन तहसीलच्या चकरा मारणाऱ्या बायका तिने आपल्याच गल्लीत पाहिल्या आहेत.

आणि कामापायी मातृत्वाचा बळी जातो याचंच दुःख असेल, तर ते दुःख बीडकडे वळवावं. ऊसतोड मजूर बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची २०१९ मध्ये सरकारी समितीने चौकशी केली. ८२,३०९ बायकांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली आढळली. पाळीमुळे खाडा पडू नये, मुकादमाचा दंड बसू नये, हे त्यामागचं एक कारण. त्या बायकांना कोणी करिअरवाल्या म्हटलं नाही. बाईचं शरीर कामाच्या सोयीने वाकवलं जातं तेव्हा समाज गप्प राहतो. ती स्वतःच्या सोयीने काही जपून ठेवू पाहते तेव्हा त्याला नीतीची आठवण होते.

इथवर एका पक्षाचं खंडन झालं. विमा म्हणणाऱ्यांचंही करायला हवं, कारण त्यांच्या बोलण्यावर मुली पैसे मोजतात.

बीजं गोठवायची म्हणजे पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून दहा-बारा दिवस पोटात इंजेक्शनं, दर दोन-तीन दिवसांनी सोनोग्राफी, मग घड्याळ लावून घ्यायचं शेवटचं इंजेक्शन, आणि सुमारे छत्तीस तासांनी भुलीखाली बीजं काढून घेणं. बीजं उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये जातात. पोट फुगतं, क्वचित अंडाशयं इतकी सुजतात की दवाखान्यात ठेवावं लागतं. माझ्या परिचयातल्या एका मुलीने पुण्यात हे केलं. इंजेक्शनं भाड्याच्या फ्लॅटमधल्या फ्रिजमध्ये, मैत्रिणींच्या दह्याच्या डब्यामागे. ऑफिसात सांगितलं पोटाचा त्रास. भूल देणार म्हणून घरी न्यायला कोणी सोबत हवं होतं, तेव्हा आई यवतमाळहून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने आली. ‘हे तुझ्या बाबांना कळू देऊ नको,’ एवढंच बोलली आणि दिवसभर तिच्या उशाशी बसून राहिली. ती मुलगी मला म्हणाली, की बीजं किती निघाली यापेक्षा आई आली याचं तिला जास्त बरं वाटलं. आपण काही पुढे ढकललं असं तिला वाटत नव्हतं. दार बंद होण्याआधी त्यात पाय घातला, असं ती म्हणाली.

पण दारात पाय असणं म्हणजे विमा नव्हे. न्यूयॉर्क विद्यापीठाच्या केंद्राने २०२२ मध्ये ५४३ स्त्रियांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. बीजं गोठवतानाचं त्यांचं वय साधारण अडतीस. पुढे ती बीजं वापरल्यावर ३९ टक्के जणींना मूल झालं. अडतिशीच्या आत गोठवलेली वीस किंवा अधिक बीजं ज्यांनी वापरली, त्यांच्यात हे प्रमाण ७० टक्के होतं. म्हणजे वय आणि संख्या, दोन्ही साधायला हवं. एका खेपेत वीस बीजं सगळ्यांना मिळत नाहीत. दुसरी खेप म्हणजे पुन्हा लाख-दोन लाखांची तजवीज आणि वर साठवणुकीचं वार्षिक भाडं. अर्ध्याहून अधिक वेळा हाती काही लागत नाही, त्याला विमा म्हणणं ही फसवणूक आहे.

कायदा इथे समाजाच्या पुढे आहे. चीनमध्ये शू झाओझाओ या अविवाहित स्त्रीला बीजं गोठवायला बीजिंगच्या रुग्णालयाने नकार दिला. ती कोर्टात गेली आणि २०२४ मध्ये अपिलातही हरली. आपल्याकडे २०२१ च्या सहाय्यक प्रजनन तंत्रज्ञान कायद्याने २१ ते ५० वयाच्या स्त्रीला, लग्न झालेलं असो वा नसो, ही वाट खुली ठेवली आहे. सरोगसीचं दार मात्र अविवाहितेला बंद आहे. एकट्या स्त्रियांत ते फक्त विधवा आणि घटस्फोटितेला उघडतं. म्हणजे बीजं ठेवता येतात, पण तिचं गर्भाशय साथ देणारं नसेल तर ती तिथेच अडकते. ही विसंगती दूर करायला हवी.

त्याआधी करण्याजोगं एक काम जवळच आहे. पस्तिशीनंतर बीजांचं काय होतं, किती बीजांमागे किती आशा धरावी, पुरुषाच्या वयाचाही परिणाम होतो की नाही, हे तिशीच्या आतल्या मुलीला यवतमाळच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओपीडीत मोफत आणि स्पष्ट कळायला हवं. नागपूर-पुण्याच्या केंद्रांनी किती जणींची बीजं गोठवली याचा आकडा फलकावर लावण्याऐवजी, ती वितळवून किती जणींना मूल झालं तो आकडा सही घेण्याआधी तिच्या हातात द्यावा. तोही तिच्या वयाच्या स्त्रियांचा.