हृदयविफलतेचे निदान

हृदयविफलता म्हणजे शरीराच्या गरजेइतके रक्त पुरवण्यास हृदय असमर्थ ठरणे, किंवा ते पुरवताना हृदयातील दाब वाजवीपेक्षा वाढणे होय. रुग्णालयांत ही अवस्था हार्ट फेल्युअर या नावाने ओळखली जाते. ‘हृदय बंद पडणे’ हा रूढ शब्दप्रयोग येथे दिशाभूल करणारा आहे. या विकारात हृदय चालू असते, परंतु ते दुबळे वा ताठर झालेले असते. हृदयविकाराचा झटका ही निराळी घटना असून तिच्या परिणामी पुढे हृदयविफलता उद्भवू शकते. हा एकच एक रोग नसून लक्षणसमूह असल्याने केवळ एका चाचणीवरून निदान पक्के होत नाही.

लक्षणे

श्रमाने धाप लागणे हे बहुधा प्रथम जाणवणारे लक्षण. परंतु दमा, रक्तक्षय व स्थूलता यांतही धाप लागते, आणि वृद्धांच्या बाबतीत ती सर्रास वयाच्या खाती टाकली जाते. त्याहून अधिक बोलके लक्षण म्हणजे उताणे झोपल्यावर वाढणारा व उठून बसल्यावर ओसरणारा श्वासत्रास. आडवे होताच पायांकडील रक्त छातीकडे परतते. दुबळ्या डाव्या निलयाला हा भार पेलत नाही आणि फुप्फुसांत द्रव साचू लागतो. रुग्ण एकाऐवजी दोन-तीन उशा घेऊ लागतो, अथवा मध्यरात्री गुदमरून जागा होतो. उशांची संख्या विचारण्याची वैद्यकातील जुनी रीत आजही उपयुक्त आहे. घोट्यांवर सूज येते व बोटाने दाबल्यास तेथे खळगा पडतो. दोन-तीन दिवसांत सुमारे 2 किलो वजन वाढल्यास ती वाढ मेदाची नसून पाण्याची असते.

तपासणी

मानेतील फुगलेली शीर, हृदयाचा तिसरा ध्वनी आणि फुप्फुसांच्या तळाशी ऐकू येणारी करकर या खुणांना महत्त्व आहे. 1971 साली प्रसिद्ध झालेल्या फ्रॅमिंगहॅम निकषांनुसार दोन प्रमुख, किंवा एक प्रमुख व दोन गौण खुणा आढळल्यास निदान ग्राह्य धरतात. मानेची फुगलेली शीर प्रमुख, तर घोट्यांची सूज गौण मानली जाते; सूज मूत्रपिंड वा यकृताच्या विकारांतही येते.

रक्तातील बीएनपी हे संप्रेरक निलयाच्या भिंतीवर ताण पडल्यास वाढते. तीव्र श्वासत्रासात त्याचे प्रमाण दर मिलिलीटरला 100 पिकोग्रॅमहून कमी असल्यास हृदयविफलतेची शक्यता फार कमी असते. स्थूल व्यक्तींत मात्र ते मुळातच कमी आढळते, तर वार्धक्यात व मूत्रपिंडाच्या विकारात वाढलेले असते.

सर्वांत निर्णायक तपासणी म्हणजे इकोकार्डिओग्राफी. निलयातील किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर फेकले जाते, हे तिच्यावरून कळते. हे प्रमाण 40 टक्के वा त्याहून कमी असल्यास ते घटलेले, 41 ते 49 असल्यास किंचित घटलेले व 50 वा अधिक असल्यास राखलेले समजतात. या शेवटच्या गटात निदान हमखास निसटते. दीर्घकाळ रक्तदाब असलेल्या वृद्ध स्त्रियांत हृदय नीट आकुंचन पावते, पण सैल होत नाही. अहवालातील आकडा उत्तम दिसतो आणि धाप मात्र कायम राहते. अशा वेळी अलिंदाचा आकार व निलयातील दाबाच्या खुणा पाहाव्या लागतात, क्वचित श्रम करवून पुन्हा तपासणी करावी लागते.

निदानानंतर मूळ कारणाचा शोध घेतला जातो. तरुण रुग्णात संधिवाताभ ज्वराने बिघडलेली झडप याच तपासणीत दिसते. रोहिणीविकाराचा संशय असल्यास अँजिओग्राफी केली जाते.