पिसांची माशी



गळाच्या टोंकास गांडूळ किंवा कणकेची गोळी लावावी, तो पाण्यांत सोडावा आणि मासा भुलेपर्यंत स्वस्थ बसावें, ही नदीकांठची रीत आपणां सर्वांस ठाऊक आहे. परंतु कित्येक मासे पाण्यावर घिरट्या घालणाऱ्या नाजूक कीटकांवर झडप घालतात. असा कीटक गळाला टोंचूं गेल्यास त्याचा चुरा होतो. मग या माशांना भुलवावें कसें? या प्रश्नाला माणसानें दिलेलें उत्तर म्हणजे पीस आणि रेशमाचा धागा यांनीं गळावर बांधलेली कृत्रिम माशी. या चिमुकल्या वस्तूचा इतिहास मी आज सांगणार आहें.

या कलेचा जुना व स्पष्ट उल्लेख रोमन ग्रंथकार एलियन याच्या प्राण्यांविषयींच्या ग्रंथांत आढळतो. इ. स. २०० च्या सुमारास होऊन गेलेला हा गृहस्थ जन्मानें रोमन असून लिहीत मात्र असे ग्रीक भाषेंत. मॅसिडोनियांतील अस्ट्रेयस नदींत ठिपकेदार कातडीचे मासे असतात व ते एका विशिष्ट माशीवर तुटून पडतात, असें तो सांगतो. माणसाचा हात लागतांच ही माशी आपला रंग गमावते व तिचे पंख कोमेजतात. म्हणून तेथील कोळी तिच्या वाटेस जात नाहींत. ते गळाभोंवतीं किरमिजी लोंकर गुंडाळतात आणि कोंबड्याच्या गळ्याखालचीं मेणाच्या रंगाचीं दोन पिसें तीवर बसवितात. सहा फूट काठी आणि सहा फूट दोरी, एवढाच त्यांचा सरंजाम!

पुढें ही विद्या इंग्लंडांत बहरली. १४९६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें विंकिन डी वर्ड या मुद्रकानें गळाच्या मासेमारीवर एक इंग्रजी प्रबंध छापला. त्यांत बारा कृत्रिम माशा कशा बांधाव्या, हें महिन्यांच्या क्रमानें दिलें आहे. आयझाक वॉल्टन याचा प्रसिद्ध ग्रंथ १६५३ मध्यें निघाला, आणि १६७६ च्या पांचव्या आवृत्तीस त्याचा मित्र चार्ल्स कॉटन यानें स्वतंत्र भाग जोडून साठांहून अधिक माशा वर्णिल्या. १८३६ मध्यें आल्फ्रेड रोनाल्ड्स यानें खरा कीटक आणि त्याची प्रतिकृति यांचीं चित्रें शेजारीं शेजारीं देऊन या हस्तकलेस कीटकशास्त्राची जोड दिली.

बांधण्याची रीतही ऐकण्यासारखी आहे. गळ चिमट्यांत घट्ट धरतात. धागा घसरूं नये म्हणून त्यास मेण लावतात. मग शेपटीचे दोन-चार तंतु बांधून त्यापुढें लोंकर, लव किंवा रेशीम गुंडाळून अंग भरतात. त्यावर कधीं जरीची बारीक तार फिरवितात. शेवटीं कोंबड्याच्या मानेचें निमुळतें पीस धरून त्याचे वेढे देतात, तेव्हां त्याचे बारीक तंतु चहूंकडे उभे राहून कीटकाच्या पायांसारखे दिसूं लागतात. कोंबड्याचें पीस ताठ असतें, म्हणून त्याची माशी तरंगते. कोंबडीचें पीस मऊ असल्यानें तें पाणी पिऊन बुडतें. केवळ तरंगणाऱ्या माशांवर फ्रेडरिक हॅलफर्ड यानें १८८६ मध्यें एक पुस्तक लिहिलें.

येथवर ट्राउट हा मासा या कारागिराचा परीक्षक होता. माशी कीटकासारखी न दिसली तर तो तिच्याकडे पाठ फिरवी. पण सॅमन माशाची गोष्ट निराळी. तो समुद्रांत वाढतो, अंडीं घालण्यास नदी चढतो, आणि या प्रवासांत अन्नास जवळजवळ शिवतच नाहीं. तरीही समोरून जाणाऱ्या झगमगीत वस्तूस तो कधीं कधीं तोंड घालतो. त्यामुळें सॅमनच्या माशीनें एखाद्या कीटकाची हुबेहूब नक्कल करण्याचें कारणच उरलें नाहीं. परीक्षक वर्गांतून उठून गेला आणि विद्यार्थ्यांच्या हौसेस धरबंध राहिला नाहीं!

एकोणिसाव्या शतकांतील साम्राज्याच्या व्यापारानें लंडनच्या बाजारांत देशोदेशींचे पक्षी आणून ओतले. टूकन, मकाव, कोटिंगा यांच्या पिसांनीं गळ सजूं लागले. या धंद्यांत ज्याला ‘हिंदी कावळा’ म्हणत, तो पक्षी हिंदी नव्हता आणि कावळाही नव्हता. तो होता दक्षिण अमेरिकेंतला. १८९५ मध्यें जॉर्ज केल्सन यानें मोठा ग्रंथ लिहून या हौसेस शास्त्राचा डौल दिला. आपल्या देशाचा खरा वाटा वेगळाच होता. सह्याद्रींत वावरणाऱ्या राखी रानकोंबड्याच्या मानेच्या पिसांवर मेणाचे थेंब गोठावे तसे पिवळट, पांढरे, चकचकीत ठिपके असतात. ‘जॉक स्कॉट’ या नामांकित माशीच्या दोन्ही बाजूंस याच पक्ष्याचीं पिसें बसवीत.

स्त्रियांच्या टोप्या सजविण्यासाठीं झालेला पक्ष्यांचा संहार याहून कितीतरी मोठा होता, हें न्यायानें सांगितलें पाहिजे. त्याविरुद्ध १८८९ मध्यें इंग्लंडांत एमिली विल्यमसन या बाईंनीं पक्षिरक्षणाची संस्था काढली. १९०२ मध्यें हिंदुस्थान सरकारनें रानपक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीस बंदी केली, १९२१ मध्यें ब्रिटननें आयातीविरुद्ध कायदा केला, आणि १९७२ मध्यें स्वतंत्र भारताचा वन्यजीवरक्षणाचा कायदा झाला.

तथापि कायद्यानें हांव मरत नाहीं. जून २००९ मध्यें ट्रिंग येथील नॅचरल हिस्टरी म्यूझियममधून एका तरुण संगीतविद्यार्थ्यानें २९९ पक्ष्यांचीं कातडीं चोरलीं. त्यांत थोर निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलेस यानें दीडशें वर्षांपूर्वीं जमविलेले नमुनेही होते. त्यांचीं पिसें या हौसेच्या ग्राहकांस विकलीं गेलीं. बरेच नमुने परत मिळाले, पण अनेकांच्या पायांस बांधलेल्या चिठ्ठ्या नाहींशा झाल्या होत्या. पक्षी कोठें व केव्हां मिळाला, हें सांगणारी चिठ्ठी गेली कीं शास्त्राच्या दृष्टीनें नमुन्याचा बराचसा प्राणच गेला.

याच कलेंत मेगन बॉइड यांच्यासारखी व्यक्तिही होऊन गेली. १९१५ मध्यें जन्मलेल्या या बाई स्कॉटलंडच्या उत्तरेस, समुद्रकांठच्या एका लहानशा घरांत अनेक दशकें माशा बांधीत राहिल्या. १९७१ मध्यें त्यांस सरकारी पदक मिळालें. विशेष हें कीं, त्या स्वतः मासे धरीत नसत! त्यांस कामाचीच गोडी होती.

हल्लीं ब्रिटनमध्यें पाळलेल्या रानकोंबड्यांचीं पिसें मिळतात, आणि दुर्मिळ पिसांऐवजीं साधीं पिसें रंगवून वापरतां येतात. मासा त्यावर तक्रार करीत नाहीं. एलियनच्या कोळ्यांनीं घरच्या कोंबड्याचीं दोन पिसें आणि चिमूटभर लोंकर एवढ्यावर भागविलें होतें. अठराशें वर्षांनंतरही माशाची मागणी त्याहून फारशी वाढलेली नाहीं. वाढली ती माणसाची.