शनिवारची झाकलेली हंडी

घरात विस्तव पेटवायचा नाही, पेटलेला विझवायचाही नाही, चुलीवर नवे काही शिजत घालायचे नाही. आणि तरीही सकाळची प्रार्थना आटोपून माणसे घरी आली की पानात वाफाळलेले अन्न पडले पाहिजे. हे कोडे तुम्हाला घातले तर तुम्ही काय कराल? ज्यू लोकांनी ते निदान अठराशे वर्षांपूर्वी सोडवले, आणि त्या उत्तरातून एक हंडी तयार झाली. वरवर पाहता ही स्वयंपाकघरातली गोष्ट. पण पुढे ती धर्मपंडितांच्या वादात शिरते, न्यायासनासमोर उभी राहते, आणि काही माणसांच्या जिवावरही बेतते. म्हणून ती सविस्तर सांगण्याजोगी आहे.

ज्यूंचा सुट्टीचा दिवस म्हणजे शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की तो लागतो आणि शनिवारी रात्री चांदण्या दिसू लागल्या की संपतो. त्या दिवशी घरात विस्तव पेटवू नये, अशी मोशेच्या नियमशास्त्रातली आज्ञा आहे. पण त्याच धर्माची दुसरी शिकवण अशी, की शब्बाथ हा काही सुतकाचा दिवस नव्हे. तो आनंदाचा दिवस. त्या दिवशी चांगले ल्यावे, चांगले खावे. आता आनंदाचा दिवस आणि ताटात गारढोण अन्न, यांचा मेळ बसायचा कसा?

युक्ती अशी निघाली, की अन्न शुक्रवारीच शिजवावे आणि ते गार होऊ देऊ नये. इ.स. २०० च्या सुमारास यहूदा हानासी या धर्मगुरूने ‘मिश्ना’ नावाचे नियम संकलित केले. त्यांत शब्बाथविषयीच्या भागात, हंडी कशात गुंडाळून ठेवावी आणि कशात ठेवू नये, याची चक्क यादी दिलेली आहे. त्यामागचे तत्त्व मोठे शहाणपणाचे आहे. जी वस्तू ऊब वाढवते ती नको. जी असलेली ऊब नुसती राखते ती चालेल. म्हणून शेणखत नको, चुना नको, ऑलिव्हचे तेल गाळल्यावर उरणारी पेंड नको. पेंढा कोरडा असेल तर चालेल, ओला असेल तर नको. ओल्या पेंढ्याची गंजी आतून तापते, हे आपल्याकडच्या शेतकऱ्याला काही सांगायला नको! कपडे चालतील, धान्य चालेल, कबुतराची पिसे चालतील, सुताराचा भुसाही चालेल. भौतिकशास्त्रातला उष्णतारोधनाचा धडाच म्हणा ना, पण तो प्रयोगशाळेत नव्हे, गृहिणीच्या कोनाड्यात तयार झालेला.

हंडी विस्तवावरच राहू द्यायची असेल तर निखाऱ्यांवर राख पसरावी, असाही नियम झाला. कारण पाहा किती मानवी आहे : उघडा निखारा दिसला की माणसाला तो फुंकायचा, सारखा करायचा मोह होतो. राख दिसली म्हणजे आज याला हात लावायचा नाही, ही आठवण राहते. मग अंधार पडण्यापूर्वी अन्न किती शिजलेले असावे? तालमूदमध्ये याचे माप म्हणून बेन द्रोसाई या दरोडेखोराचे नाव येते. पाठीवर सदा पाठलाग. त्यामुळे बिचारा घाईघाईने, पुरते न शिजलेलेच अन्न खाई. त्याला चालण्याइतके शिजले म्हणजे पुरे! हे माप म्हणजे तिसरा हिस्सा, असे अकराव्या शतकातले भाष्यकार राशी म्हणतात. नाही, ते निम्मे, असे बाराव्या शतकातल्या मैमोनिदीसचे मत. धर्मशास्त्राच्या पोथीत एका दरोडेखोराला असे अमरत्व मिळाले.

आता ही हंडी करतात कशी, ते सांगतो. गुरुवारी रात्री चणे आणि सडलेले गहू किंवा जव भिजत घालावेत. शुक्रवारी दुपारी बुडाला तेल, त्यावर पुष्कळ कांदा नि लसूण लालसर परतावा. हाडासकट मटणाचे मोठे तुकडे, मग धान्य, मीठ-मिरी, आणि वर कवचासकट अख्खी अंडी ठेवावीत. पाणी मात्र विचार करून घालावे, कारण मागाहून घालण्याची सोय नाही. एक चांगली उकळी येऊन पाऊण-एक तास शिजले, की झाकण लावून तोंड कणकेने लिंपावे आणि हंडी मंद भट्टीत सरकवावी. हल्लीच्या विजेच्या भट्टीत साधारण १०० ते ११० अंश सेल्सिअसची आच पुरते. मग बारा-चौदा तास तिकडे पाहायचेसुद्धा नाही. हाडांजवळचे चिवट स्नायू विरघळून रस दाट होतो, धान्य फुलून येते, आणि अंड्याचा पांढरा बलक बदामी रंगावर जाऊन लोण्यासारखा मऊ पडतो. सकाळी झाकण फोडले की सगळ्या घराला कळते, आज कोणता वार आहे ते.

या हंडीला देशोदेशी वेगळी नावे पडली. हिब्रूत ती ‘हमीन’. ‘हम’ म्हणजे गरम. आपण अरबीतून घेतलेला ‘हमाम’ हा शब्द त्याच सेमिटिक धातूचा नातलग. अरबी बोलणाऱ्या ज्यूंनी तिला ‘दफीना’ म्हटले, म्हणजे पुरलेली, झाकलेली. ‘दफन’ हा आपला शब्द आठवला की अर्थ लगेच उलगडतो. स्पेनमध्ये तिची ‘अदाफिना’ झाली. फ्रान्सकडून जर्मनी, पोलंडकडे गेलेले नाव ‘चोलंट’. ते बहुधा गरम या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आले असावे. पोलंड-लिथुआनियातल्या गावांत शुक्रवारी संध्याकाळी घरोघरच्या हंड्या खुणा करून पाववाल्याच्या भट्टीत जात. भट्टीचे तोंड मातीने लिंपून टाकत, आणि शनिवारी जो तो आपली खूण ओळखून हंडी घरी नेई. मोरोक्कोतही मोहल्ल्याच्या भट्टीत हाच परिपाठ असे.

परंतु ही हंडी नुसती पोटाची सोय राहिली नाही. आठव्या शतकानंतर इराकच्या बाजूस कराइत नावाचा पंथ पुढे आला. त्यांचे म्हणणे असे, की विस्तव नको म्हणजे नको. आधी पेटवलेलाही नको. शुक्रवारची रात्र ते अंधारात काढीत आणि गार अन्न खात. यावर रब्बींच्या अनुयायांनी उलट गरम अन्नाचाच आग्रह धरला. बाराव्या शतकात जराहिया हालेवी या पंडिताने लिहून ठेवले, की जो शब्बाथला हमीन खात नाही त्याच्या श्रद्धेविषयी शंका घ्यावी. म्हणजे सोयीसाठी निघालेली गोष्ट निष्ठेची खूण ठरली. जेवणाच्या पानावरून माणूस कोणत्या बाजूचा, हे ओळखायचे! ही सवय जगात कुठे नाही म्हणता? पण ज्या खुणेने आपली माणसे आपल्याला ओळखतात, त्याच खुणेने वैरीही ओळखतो.

स्पेनमध्ये तेच झाले. १३९१ मध्ये तिथे ज्यूंच्या मोठ्या कत्तली झाल्या आणि हजारोंनी जीव वाचवण्यासाठी बाप्तिस्मा घेतला. पुढे हे नवख्रिस्ती मनाने खरोखर बदलले आहेत की नाहीत, हे तपासण्यासाठी १४७८ मध्ये पोपच्या अनुमतीने इन्क्विझिशनची स्थापना झाली. चर्चमध्ये जी जाहीरनामे वाचली जात, त्यांत संशयिताची लक्षणे मोजून सांगितलेली असत : शनिवारी धुतलेले कपडे घालणे, शुक्रवारी संध्याकाळी लवकर दिवे लावणे, आणि शनिवारी खायचे अन्न शुक्रवारीच शिजवून ठेवणे. साक्षीदार कोण? बहुधा घरातली मोलकरीण, शेजारीण. मालकिणीने शुक्रवारी चणे-मांसाची हंडी निखाऱ्यांवर ठेवली, एवढे सांगितले तरी तो पुरावा होई. त्या काळचा बखरकार अंद्रेस बेर्नाल्देस याने नवख्रिस्त्यांच्या तेला-लसणाच्या नि अदाफिनाच्या आवडीबद्दल मोठ्या तिरस्काराने लिहिले आहे. आणि दैवाचा खेळ असा, की या खटल्यांच्या कागदपत्रांतल्या साक्षींवरूनच त्या घरांतले पदार्थ आज आपल्याला कळतात. डेव्हिड गिटलिट्झ आणि लिंडा के डेव्हिडसन या अभ्यासकांनी १९९९ मध्ये त्यांचे एक पुस्तकच प्रसिद्ध केले. फिर्यादीने नोंदवून ठेवले, म्हणून पाककृती उरली!

१४९२ मध्ये बाप्तिस्मा न घेतलेल्या सर्व ज्यूंना स्पेनमधून हाकलण्यात आले. त्यांतलेच एक कुटुंब पोर्तुगालला गेले. त्यात पुढे गार्सिया द ओर्ता हा वैद्य जन्मला. तो १५३४ मध्ये गोव्यास आला. मुंबई बेट त्याच्याकडे काही काळ खंडाने होते, आणि भारतीय औषधींवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. गोव्यात १५६० मध्ये इन्क्विझिशन आले. ओर्ता १५६८ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गुप्तपणे ज्यू धर्म पाळल्याबद्दल जिवंत जाळण्यात आले, आणि १५८० मध्ये ओर्ताची हाडेही उकरून जाळली गेली. घरात कोणता वार कसा पाळला जातो, या प्रश्नाची किंमत आपल्या किनाऱ्यावरही अशी मोजली गेली आहे.

त्याच किनाऱ्यावर थोडे उत्तरेला मात्र निराळेच चित्र होते. कुलाबा जिल्ह्यातले, म्हणजे आताच्या रायगडातले, बेने इस्राएल तेल गाळण्याचा धंदा करीत आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत. गावाने त्यांना ‘शनवार तेली’ म्हटले, आणि विषय तिथेच संपला! खूण तीच, पण इथे तिचे आडनावासारखे एक साधे नाव झाले, आरोपपत्र झाले नाही. पुढे १८३२ मध्ये डेव्हिड ससून मुंबईत आले. त्यांच्यामागून आलेल्या बगदादी ज्यूंनी भायखळ्याला आणि कोटात सिनेगॉग बांधले, आणि आपली हमीन मुंबईच्या नि कलकत्त्याच्या स्वयंपाकघरांत आणली. ही हमीन म्हणजे भात भरलेली कोंबडी भातातच रात्रभर मुरवायची. बगदादेत तिला ‘तबीत’ म्हणतात. तिच्यावर ठेवलेली बदामी अंडी, सोबत आदल्या दिवशी तळलेली वांगी, हा तिथला शनिवार सकाळचा नाश्ता. येमेनचे ज्यू याच वेळी रात्रभर भाजलेला ‘कुबाने’ नावाचा पाव अंड्यांसह खात.

१९५०-५१ मध्ये इराकमधले सव्वा लाखाच्या आसपास ज्यू विमानांनी इस्राएलला गेले. त्यांचा शनिवारचा नाश्ता तिथे पावात भरून रस्त्यावर विकला जाऊ लागला. त्याचे नाव ‘सबिह’. वांगे, बदामी अंडे, आणि वर पिवळीजर्द, आंबट-तिखट चटणी. ही चटणी कैरीची असते. हिंदुस्थानातून ती बसरा-बगदादला गेली, बगदादहून तिकडे पोहोचली, आणि इतक्या प्रवासानंतरही तिचे नाव आहे ‘अंबा’! हा शब्द कुठला, हे मराठी माणसाला विचारायला नको.

तेव्हा पुढच्या सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी एखादी हंडी अशी लिंपून ठेवून पाहा. मटण नको असेल तर चणे, गहू, बटाटे नि अंडी घाला. बटाटा युरोपात अमेरिकेहून आला, आणि कोलंबसाची गलबते त्या दिशेला निघाली ती त्याच १४९२ सालच्या ऑगस्टात. सकाळी झाकण फोडाल तेव्हा पानावर कैरीचे लोणचे वाढायला विसरू नका. ते या हंडीला परके नाही.