बार्मेनची साक्ष

मी कामगार चळवळीतला माणूस, धर्मशास्त्राचा अभ्यासक नव्हे. तरीही ख्रिस्ती मंडळीच्या इतिहासातले एक पान मी पुनःपुन्हा वाचीत आलो आहे. कारण त्याचा आरंभ कामगार संघटनांच्या पाडावाने होतो.

३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर जर्मनीचा चान्सलर झाला. २ मे रोजी नाझी टोळ्यांनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या, पुढाऱ्यांना पकडले, निधी जप्त केला. चर्चला मात्र टाळे ठोकावे लागले नाही. तिथे आतलेच लोक मदतीला धावले. स्वतःला ‘जर्मन ख्रिस्ती’ म्हणविणाऱ्या पक्षाने जुलैमध्ये प्रॉटेस्टंट चर्चच्या निवडणुका जिंकल्या. सप्टेंबरात प्रशियाच्या धर्मसभेने ज्यू वंशाच्या पाळकांना दूर करण्याचा नियम केला. त्या नियमाने पेत्र आणि पौल हेदेखील पाळक होण्यास अपात्र ठरले असते, खुद्द येशूसुद्धा! १३ नोव्हेंबरला बर्लिनच्या जंगी सभेत ‘जुना करार’ टाकून देण्याची मागणी झाली. येशूचे नाव कोणी पुसले नव्हते. पण क्रूसाचा अर्थ आता स्वस्तिकाचे निशाण ठरवू लागले होते.

याला उत्तर मिळाले बार्मेन येथे. हे गिरण्यांचे गाव. एंगल्सचा जन्म १८२० साली इथलाच. २९ ते ३१ मे १९३४ या तीन दिवसांत ल्यूथरन, रिफॉर्म्ड आणि संयुक्त चर्चचे प्रतिनिधी तेथे जमले. जाहीरनाम्याचा मसुदा मुख्यतः कार्ल बार्थ यांचा. हे स्विस पंडित १९११ ते १९२१ या काळात साफेनविल गावी पाळक होते आणि तेथील कामगारांच्या संघटनेच्या बाजूने उभे राहिले होते. जाहीरनाम्यात सहा कलमे होती. पहिल्याचे सार असे, की चर्चने ज्याचे ऐकावे तो देवाचा शब्द येशू ख्रिस्त हाच. कोणत्याही राज्यसत्तेला वा पुढाऱ्याला तो मान नाही.

याची किंमत मोजावी लागली. बार्थ यांनी हिटलरनिष्ठेची बिनशर्त शपथ नाकारली आणि १९३५ साली बॉन विद्यापीठातील जागा गमावली. पाळक मार्टिन नीमोलर १ जुलै १९३७ रोजी पकडले गेले. ते १९४५ मध्ये सुटले.

पण या सहा कलमांत छळल्या जाणाऱ्या ज्यूंसाठी एक शब्दही नाही. ही आपली चूक असल्याचे बार्थ यांनी १९६७ साली पत्रात कबूल केले. मला या कबुलीचे मोल जाहीरनाम्याइतकेच वाटते. येशू ज्यू घरात जन्मला. त्याला मध्यभागी ठेवायचे म्हणजे त्याच्या आप्तांचा आक्रोशही ऐकायचा. तो ऐकू आला नाही, म्हणजे मध्यबिंदू शाबूत असूनही वर्तुळ आखूड पडले.

आमच्या संघटनांतही हे घडते. लाल बावटा फडकत असतो, सभा भरत असतात. आणि ज्याच्यासाठी हे सारे उभारले, तो बदली कामगार दाराबाहेर ताटकळत असतो. म्हणून निशाण कोणते आहे हे पाहून मी थांबत नाही. दाराबाहेर कोण उभे आहे, तेही पाहतो.