गोळीच्या बैठकीची खोली

शिशाची गोळी नळीतील पेचदार आट्यांच्या आरंभाशी किती पुढे वा मागे टेकवावी, या मापाला येथे ‘बैठकीची खोली’ म्हटले आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेतील जर्मनवंशीय नेमबाजांच्या ‘शुट्झन’ मंडळांत .32-40 सारख्या काडतुसांच्या एकबारी रायफली वापरात होत्या. त्यांत गोळी पितळी पुंगळीत दाबून न बसवता ती आधी स्वतंत्रपणे आट्यांत ढकलली जाई, आणि दारू भरलेली पुंगळी मागून सारताना तिचे तोंड व गोळीचे बूड यांत बहुधा 1/32 ते 1/16 इंच अंतर राखले जाई. पुंगळीतून सुटून आट्यांत शिरताना गोळी किंचित जरी कलली तरी मऊ शिसे एका अंगाने अधिक दबते, गुरुत्वमध्य अक्षावरून सरकतो आणि गोळी डुलत जाते. आधीच सरळ बसवलेल्या गोळीला हा धोका फार कमी. रायफलींच्या नळ्या घडवणारे कारागीर हॅरी पोप यांनी तर गोळी नळीच्या पुढच्या तोंडातून भरण्याची पद्धत सिद्ध केली, जेणेकरून तिच्या बुडाची कड अभंग राहावी, आणि डॉ. फ्रँकलिन मान यांच्या 1909 सालच्या ग्रंथातील प्रयोगांनीही बुडाच्या या कडेचेच महत्त्व अधोरेखित केले. उत्तम खोली गणिताने मिळत नाही: दारू, गोळी व मिश्रधातूचे प्रमाण स्थिर ठेवून केवळ अंतर थोडे थोडे बदलावे आणि 200 यार्डांवर दहा-दहा बारांचे पुंजके ताडून पाहावेत. त्यातही निवडलेल्या अंकापेक्षा प्रत्येक बाराला तेच अंतर अचूक साधणे अधिक मोलाचे. तांब्याच्या कवचाच्या आधुनिक गोळ्यांना मात्र हा प्रघात जसाच्या तसा लागू पडत नाही, कारण कठीण गोळी आट्यांना भिडली की नळीतील दाब वाढतो.