नाव झाका, मग ऐका : रुमालाखालच्या सौद्यापासून प्रीॲम्पच्या चाचणीपर्यंत

१/ बेस गिटार ध्वनिमुद्रित करताना कोणता प्रीॲम्प वापरावा, हा वाद वादकांच्या कोणत्याही बैठकीत रंगतो. त्यावर आज सुचवला जाणारा उपाय एकच असतो : नावे झाकावीत आणि केवळ कानांनी निवाडा करावा. हा उपाय आधुनिक वाटला तरी त्यामागचा प्रश्न जुना आहे. निर्णयाच्या वेळी काय झाकायचे, कोणापासून झाकायचे आणि त्यात हित कोणाचे? आजच्या धाग्यात या प्रश्नाचा इतिहास पाहू. प्रारंभ अर्थातच वऱ्हाडातून.

२/ एकोणिसाव्या शतकात अकोला, अमरावती, खामगाव, कारंजा ही नावे कापसामुळे थेट इंग्लंडातील गिरण्यांपर्यंत पोहोचली होती. त्या काळी देशातील अनेक बाजारांत सौदा रुमालाखाली होई. दलाल आणि खरेदीदार कापडाआड एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याने वर्षभर राबून माल पिकवला, तो शेतकरी शेजारीच उभा असे. पण बोटांची ती भाषा त्याच्यासाठी नव्हती. येथे झाकलेली गोष्ट होती भाव, आणि ती झाकली होती नेमक्या त्याच माणसापासून, ज्याला ती कळणे सर्वांत आवश्यक होते.

३/ १८८६ मध्ये कारंजा (आज वाशीम जिल्हा) येथे देशातील पहिला नियंत्रित कापूस बाजार सुरू झाला. पुढे १८९७ मध्ये वऱ्हाडसाठी कापूस व धान्य बाजारांचा स्वतंत्र कायदा आला. बाजार समिती, दलाल आणि मापारी यांना परवाने, ठरलेली बाजारफी अशी चौकट त्याने घालून दिली. मात्र समितीत वर्चस्व राहिले व्यापाऱ्यांचे. शेतकऱ्याला तेथे हक्काची जागा नव्हती. नियम आले, तरी निवाडा करणाऱ्यांच्या खुर्च्यांवर कोण बसणार हा प्रश्न उरलाच. हा मुद्दा ध्यानात ठेवावा; पुढे संगीताच्या संदर्भात तो पुन्हा येणार आहे.

४/ झाकण्याचा दुसरा प्रकार याच्या नेमका उलट आहे. १७८४ मध्ये फ्रान्सचा राजा सोळावा लुई याने मेस्मरच्या ‘प्राणिज चुंबकत्वा’च्या चौकशीसाठी आयोग नेमला. त्यात बेंजामिन फ्रँकलिन आणि लाव्हाझिए होते. आयोगाने लोकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधल्या. चुंबकत्वाचा प्रयोग होत आहे असे नुसते सांगितले, तरी काहींना परिणाम जाणवे. न सांगता प्रत्यक्ष प्रयोग केला, तर काहीच जाणवत नसे. परिणाम घडवीत होती ती अपेक्षा. येथे पट्टी आली ती परीक्षकाच्या स्वतःच्या पूर्वग्रहावर.

५/ पण पट्टी बांधली म्हणजे चाचणी प्रामाणिक झाली, असे नाही. १९१५ पासून एडिसनच्या कंपनीने अमेरिकेत जाहीर ‘टोन टेस्ट’ भरवल्या. रंगमंचावर गायिका आणि शेजारी फोनोग्राफ. दिवे मालवले जात आणि श्रोत्यांनी जिवंत आवाज व तबकडी यांतील फरक ओळखायचा. अनेकांना तो ओळखता येत नसे. या प्रयोगांत गाणाऱ्या अ‍ॅना केस यांनी पुढे सांगितले, की त्या आपला आवाज यंत्राच्या आवाजाशी जुळेल असा ठेवीत. अंधार खरा होता. तुलना मात्र विक्रीच्या सोयीने बेतलेली होती.

६/ आपल्याकडे १ मार्च १९४० पासून नभोवाणीने हार्मोनियम बंद केली. आक्षेप असा, की तिचे स्थिर स्वर भारतीय संगीतातील श्रुती आणि मींड यांना सामावून घेऊ शकत नाहीत. आक्षेपात तथ्य होते. पण गोविंदराव टेंब्यांसारख्या वादकाची पेटी आणि नवशिक्याची पेटी यांना एकच न्याय लागला. वादक कोण, वाजवतो कसे, हे ऐकण्याआधीच वाद्याच्या नावावर निकाल लागला होता. ही बंदी अंशतः सैल होण्यास सत्तरचे दशक उजाडावे लागले.

७/ १९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर माहिती व नभोवाणी मंत्री झाले. चित्रपटगीतांना आकाशवाणीचे दार बंद करणारे मंत्री म्हणून ते आज आठवतात. परंतु त्यांच्याच काळात ध्वनिचाचणीची पद्धतही बांधली गेली. कलावंताने परीक्षकांच्या दृष्टीआड बसून गावे वा वाजवावे, परीक्षकांपर्यंत पोहोचावा तो केवळ आवाज. त्यावरून श्रेणी ठरे आणि श्रेणीवरून बिदागी. ओळखपाळख आणि वशिला यांवर पडदा हा उपाय होता. तेव्हा वऱ्हाड मध्य प्रदेश राज्यात होता आणि १९४८ मध्ये सुरू झालेले नागपूर केंद्र हे येथील कलावंताला जवळचे होते. मोठ्या घराण्याशी नाते नसलेल्या गायकासाठी ‘नाव न पाहता ऐकू’ हे आश्वासन लहान नव्हते.

८/ तरीही कलावंत संतापले. मुंबईत बहिष्कारापर्यंत वेळ आली. ज्यांनी उभे आयुष्य मैफली गाजवल्या, त्यांनी आता पडद्याआड बसून परीक्षा द्यायची? राग केवळ मानापमानाचा नव्हता. चाचणी मंडळाच्या धुरीणांत भातखंडे यांचे शिष्य श्रीकृष्ण नारायण रातंजनकर होते आणि परीक्षेत रागशास्त्राचे प्रश्नही विचारले जात. गुरुमुखातून शिकलेल्या उस्तादाला ग्रंथाच्या परिभाषेत उत्तरे देणे भाग पडे. कलावंताचे नाव झाकले होते, परीक्षकांची परंपरा मात्र उघड कार्यरत होती. कारंज्याच्या बाजार समितीतील तोच प्रश्न येथे सुरांच्या बाजारात उभा राहिला.

९/ आणखी एक मर्यादा होती. कंठ हेच गायकाचे नाव असते. मोझरीच्या तुकडोजी महाराजांची खंजिरी आणि त्यांचे भजन कोणी पडद्याआडून ऐकवले असते, तर वऱ्हाडातील किती जणांना नाव सांगावे लागले असते? ख्यालगायकाचे घराणेही जाणकाराला दोन-चार आलापांत कळते. पडदा चेहरा लपवतो, ओळख नाही.

१०/ यंत्राच्या बाबतीत मात्र पडदा पूर्ण टाकता येतो. प्रीॲम्पचे काम गिटारच्या पिकअपमधून येणारा क्षीण विद्युतसंकेत ध्वनिमुद्रणाजोगा सशक्त करणे. प्रत्येक मंडल त्यात आपला थोडा रंग मिसळते. १९७० च्या ‘नीव्ह १०७३’ सारखी नावे म्हणूनच दंतकथा बनली. पण दंतकथा कानांआधी मनात शिरते. १७८४ ची पट्टी येथे हवी, ती यासाठी.

११/ बेसच्या बाबतीत दुसरा सापळा अधिक कावेबाज आहे. बेस गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ४१ हर्ट्‌झवर कंप पावते. १९३३ मध्ये फ्लेचर आणि मन्सन यांनी दाखवले, की मंद पातळीवर आपल्या कानाला खर्जातले स्वर तुलनेने फार कमी ऐकू येतात. पातळी वाढताच ते झपाट्याने पुढे येतात. त्यामुळे जो प्रीॲम्प किंचित मोठा वाजतो, तोच ‘भरदार’ वाटतो. म्हणून बेस एकदाच वाजवावा, तोच संकेत प्रत्येक प्रीॲम्पमधून पाठवावा आणि ऐकण्यापूर्वी सर्वांची पातळी मोजून समान करावी. ही काळजी घेतली नाही, तर डोळ्यांवर पट्टी बांधूनही एडिसनचाच खेळ होतो.

१२/ आणि संख्या? बेल प्रयोगशाळेतील मन्सन व गार्डनर यांनी १९५० मध्ये मांडलेल्या पद्धतीत ‘अ’ आणि ‘ब’ ऐकवून मग अनोळखी ‘क्ष’ ऐकवला जातो. तो दोहोंपैकी कोणता ते ओळखायचे. १६ फेऱ्यांत १२ किंवा अधिक वेळा अचूक उत्तर केवळ अंदाजाने येण्याची शक्यता ४ टक्क्यांहूनही कमी. उलट १६ पैकी ९ आले, तर ते नाणेफेकीहून फारसे वेगळे नाही. मात्र फरक ओळखता आला, एवढेच यातून सिद्ध होते. कोणता सरस, हे नाही. तो प्रश्न पुन्हा रुचीचा आणि परंपरेचा.

१३/ रुमालाखाली भाव दडवला गेला, तेव्हा दुबळ्याचे नुकसान झाले. पडद्याआड नाव दडवले गेले, तेव्हा दुबळ्याला संधी मिळाली, पण मोजपट्टी कोणाची हा वाद मिटला नाही. म्हणून पुढच्या वेळी कोणी ‘आम्ही नावे झाकून निवड केली’ असे सांगितले, मग ती प्रीॲम्पची असो, गायकाची असो वा नोकरीच्या उमेदवाराची, तर आनंद मानावा आणि लगेच दोन प्रश्न विचारावेत : ऐकणारे कोण होते, आणि पातळी समान कोणी केली?